नोकरीत असताना दृष्टी गेली आणि ऑफिस म्हणतं, ‘40 टक्के नाहीत, निवृत्ती घ्या’

प्रश्न थोडक्यात असा. एका ताईंचे मोठे भाऊ महापालिकेत वाहनचालक आहेत, नोकरीला 22 वर्षं झाली. काचबिंदूमुळे उजव्या डोळ्याची दृष्टी पूर्ण गेली, डावा डोळा चष्म्यासह 6/9 आहे. जिल्हा रुग्णालयाने 30 टक्के कायमस्वरूपी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र दिलं. आस्थापना विभाग तीन गोष्टी सांगतो: 40 टक्क्यांच्या खाली असल्याने कायदा लागू नाही, आजार ड्युटीवर झालेला नाही, आणि बदलून द्यायला पद रिक्त नाही. सोबत स्वेच्छानिवृत्तीचा छापील अर्ज हातात दिला आहे आणि ‘मुलाचं नंतर बघू’ असं तोंडी आश्वासन. आता काय करायचं?

ताई, सगळ्यात आधी एकच सांगतो: दादांना त्या अर्जावर सही करू देऊ नका. कार्यालयाचे तिन्ही मुद्दे कायद्यात बसत नाहीत. का बसत नाहीत हे नीट समजून घ्या, कारण तेच तुम्हाला लेखी मांडायचं आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 हा कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. तुमच्या कामाचं कलम 20(4). त्याचा आशय असा: सेवेत असताना ज्या कर्मचाऱ्याला दिव्यांगत्व आलं, त्याला कोणतीही शासकीय आस्थापना कामावरून कमी करणार नाही आणि त्याचं पदही खाली आणणार नाही. तो आहे त्या पदासाठी योग्य राहिला नसेल तर त्याच वेतनश्रेणीत आणि त्याच सेवालाभांसह दुसऱ्या पदावर घ्यायचं. कोणत्याच पदावर सामावणं शक्य नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत, जे आधी येईल तोवर, अधिसंख्य पदावर (मंजूर पदांपलीकडे खास निर्माण केलेल्या जादा पदावर) ठेवता येतं. म्हणजे ‘पद रिक्त नाही’ या अडचणीचं उत्तर कलमानेच देऊन ठेवलं आहे. पद नसणं हे घरी पाठवण्याचं कारण होऊच शकत नाही.

‘शासकीय आस्थापना’ची व्याख्या कलम 2 मध्ये बरीच रुंद आहे. शासनाचे विभाग, महामंडळं, सरकारी कंपन्या, स्थानिक प्राधिकरणं आणि शासनाचं अनुदान घेणाऱ्या संस्थाही तिच्यात येतात. महापालिका, जिल्हा परिषद, एसटी महामंडळ, अनुदानित शाळा सगळे आत. खासगी कंपनीला मात्र 20(4) लागत नाही. तिथे कलम 3 मधील भेदभावबंदी आणि कलम 21 खालचं समान संधी धोरण यावर भर द्यावा लागतो, आणि ती लढाई जास्त कठीण असते.

‘ड्युटीवर झालं नाही’ हा मुद्दा पटकन निकाली निघतो. कलमात शब्द आहेत सेवेच्या कालावधीत आलेलं दिव्यांगत्व. कामामुळे आलेलं, कामावर असताना आलेलं, असं काहीही लिहिलेलं नाही. काचबिंदू असो, मधुमेहाने पाय कापावा लागणं असो, रविवारी घरी झालेला अपघात असो, तारीख नियुक्तीनंतरची असली की झालं. म्हणूनच नियुक्तीच्या वेळचा वैद्यकीय दाखला सेवापुस्तकात आहे का ते आजच बघा. ‘दोष आधीपासून होता, लपवला’ असा पवित्रा कार्यालयं उशिरा घेतात, आणि तेव्हा तो एक कागद पुरतो.

आता 40 टक्क्यांचं. हा गैरसमज सर्वांत खोल रुजलेला आहे आणि चांगल्या नोकऱ्या त्याच्यामुळेच जातात, म्हणून जरा थांबून सांगतो.

कायद्यात तीन वेगळ्या संज्ञा आहेत. ‘दिव्यांग व्यक्ती’ म्हणजे दीर्घकालीन शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा संवेदनिक कमतरता असलेली आणि भोवतालच्या अडथळ्यांमुळे समाजात बरोबरीने सहभागी होता न येणारी व्यक्ती. इथे टक्केवारी नाही. ‘विनिर्दिष्ट दिव्यांगत्व’ म्हणजे परिशिष्टातले 21 प्रकार. आणि ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ म्हणजे विनिर्दिष्ट दिव्यांगत्व किमान 40 टक्के असणं. नोकरीतलं 4 टक्के आरक्षण कलम 34 खाली येतं आणि ते तिसऱ्या गटासाठी आहे. 20(4) मध्ये यातली तिसरी संज्ञा नाही, दुसरीही नाही. तिथे फक्त ‘दिव्यांगत्व’ असं म्हटलं आहे. आरक्षणाची फूटपट्टी सेवासंरक्षणाला लावली जाते, ती चूक इथे आहे.

सर्वोच्च न्यायालयाने हा फरक जुन्या, 1995 च्या कायद्याखालीच मान्य केला होता. कुणाल सिंग विरुद्ध भारत सरकार (2003) या प्रकरणात डावा पाय गमावलेल्या जवानाला सेवेसाठी अपात्र ठरवून घरी पाठवलं होतं. न्यायालय म्हणालं की ‘दिव्यांगत्व’ आणि ‘दिव्यांग व्यक्ती’ यांच्या व्याख्या कायद्याने वेगळ्या दिल्या आहेत, त्या एकमेकींच्या जागी वापरायच्या नाहीत, आणि कलम 47 (आजच्या 20(4) चा पूर्वज) सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याच्या रक्षणासाठीच आहे. पुढे विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग (2021) मध्ये लिहिताना बोटं आखडण्याचा विकार असलेल्या उमेदवाराला लेखनिक नाकारला होता. तिथे न्यायालयाने स्पष्ट केलं की वाजवी सोयीसुविधा मिळण्याचा हक्क 40 टक्क्यांच्या अटीला बांधलेला नाही. जिथे संसदेला ती अट हवी होती तिथे तिने ती लिहिली आहे. जिथे लिहिलेली नाही तिथे प्रशासनाने घालायची नाही.

तुमच्या प्रकरणात एक नाजूक जागा आहे आणि समोरचा वकील ती काढणारच. परिशिष्टातली ‘अल्पदृष्टी’ची व्याख्या चांगल्या डोळ्यावरून मोजते: चष्म्यासह चांगल्या डोळ्याची दृष्टी 6/18 पेक्षा चांगली नसावी, किंवा दृष्टिक्षेत्र 40 अंशांपेक्षा कमी असावं. दादांचा डावा डोळा 6/9 असल्याने ते पहिल्या भागात बसत नाहीत. दिव्यांगत्वाची टक्केवारी मोजण्याच्या तक्त्यातही चांगला डोळा 6/6 ते 6/18 आणि दुसरा डोळा 3/60 पेक्षा खाली, म्हणजे व्यवहारात एक डोळा गेलेला माणूस, याला 30 टक्केच मिळतात. म्हणून ‘टक्केवारी वाढवून आणा’ या सल्ल्यावर कलम 59 खालचं, प्रमाणपत्राविरुद्धचं अपील करत चार-सहा महिने घालवू नका. दुसरं मंडळही तोच तक्ता उघडणार.

मात्र एक तपासणी जरूर करा: डाव्या डोळ्याची पेरिमेट्री, म्हणजे दृष्टिक्षेत्राची मोजणी. काचबिंदूत समोरची नजर शेवटपर्यंत टिकते आणि कडेची आधी जाते. अक्षरांच्या तक्त्यावर 6/9 वाचणाऱ्या माणसाचं दृष्टिक्षेत्र आकसलेलं असू शकतं, आणि प्रमाणपत्र देताना फक्त तक्ता वाचून घेतला असेल तर हे निसटतं. क्षेत्र 40 अंशांच्या आत आलं असेल तर चित्रच बदलतं. तेव्हा पुनर्तपासणीचा अर्ज त्या अहवालासह करा.

क्षेत्र ठीक निघालं तरी केस संपत नाही. परिशिष्टात नसलेल्या कमतरतेबद्दल 2025 चा एक निकाल हाताशी ठेवा: सी. एच. जोसेफ विरुद्ध तेलंगणा राज्य मार्ग परिवहन महामंडळ. रंगांधत्व निघालं म्हणून बसचालकाला वैद्यकीय कारणावरून निवृत्त केलं होतं. रंगांधत्व त्या 21 प्रकारांत नाही. तरीही सर्वोच्च न्यायालयाने त्याला योग्य पदावर परत घ्यायला सांगितलं, कारण दुसरं पद शोधण्याचा प्रामाणिक प्रयत्न केल्याचं महामंडळाला दाखवता आलं नाही. इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की त्या निकालामागे रंगांध चालकांना पर्यायी काम देण्याचा कामगार संघटनेबरोबरचा 1979 चा करारही होता. त्यामुळे ‘हाच निकाल आम्हाला जसाच्या तसा लागू’ असं लिहू नका, समोरचा तेवढंच पकडेल. लिहा असं: दुसरं पद शोधण्याची जबाबदारी मालकाची आहे, कर्मचाऱ्याची नाही, आणि तसा शोध घेतल्याची एकही टिपणी फाईलवर नाही. तुमच्या महापालिकेत आणि युनियनमध्ये असा काही करार किंवा ठराव आहे का, तेही युनियनकडून काढा. बऱ्याच ठिकाणी असतो आणि कुणाला आठवत नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचं.

दवाखान्याचा कागद आधी. दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि कामाची पात्रता हे दोन वेगळे कागद आहेत. दुसऱ्या कागदावर डॉक्टर काय शब्द लिहितात त्यावर पुढचं सगळं अवलंबून राहतं. ‘सेवेसाठी अपात्र’ एवढंच लिहिलं तर आस्थापना विभाग महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982 मधल्या रुग्णता निवृत्तिवेतनाची फाईल चालवायला मोकळा होतो. हवं ते वाक्य: ‘वाहनचालक पदाच्या कामासाठी अपात्र, बैठ्या व इतर कामासाठी पात्र’. हे खरं असेल तर डॉक्टर ते लिहितात, फक्त विचारावं लागतं. आणि दादांनी आजपासून गाडी चालवू नये, ‘मी वाहन चालवू शकत नाही’ हे लेखी कळवावं. नोकरी टिकावी म्हणून एका डोळ्यावर कचऱ्याचा डंपर चालवत राहणं जिवाशी खेळ आहे, शिवाय अपघात झाला तर कायद्याचं सगळं संरक्षण बाजूला राहून फौजदारी प्रकरण पुढे येतं.

मग अर्ज. लांबलचक नको, विनवणी नको. ‘सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा’ हे वाक्य तर मुळीच नको. हक्काच्या अर्जाला ते उपकाराचं रूप देतं. एवढं पुरे:

‘मी वाहनचालक पदावर कार्यरत आहे. सेवेत असताना माझ्या उजव्या डोळ्याची दृष्टी कायमची गेली आहे. मी वाहन चालवू शकत नाही. अन्य काम करण्यास समर्थ आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 20(4) नुसार मला समान वेतनश्रेणी व सेवालाभांसह अन्य पदावर सामावून घ्यावे. तसे पद उपलब्ध होईपर्यंत अधिसंख्य पदावर ठेवावे. मी स्वेच्छानिवृत्तीची मागणी करीत नाही.’

शेवटचं वाक्य गाळू नका. खाली तीन-चार कामं सुचवा, म्हणजे फाईल हलवणाऱ्या लिपिकाला धागा मिळतो: वाहन विभागातली लॉगबुक आणि डिझेलची नोंद, भांडार, हजेरी, आवक-जावक, नागरी सुविधा केंद्राची खिडकी. अर्ज आवक शाखेत देऊन पोच घ्या, त्यावर आवक क्रमांक आणि तारीख हवी. साहेबांच्या टेबलावर ठेवलेला अर्ज कोर्टात दाखवता येत नाही.

वेतनश्रेणीकडे डोळ्यात तेल घालून बघा. राज्य शासनाच्या सातव्या वेतन आयोगाच्या रचनेत वाहनचालक एस-6 मध्ये, म्हणजे 19,900 ते 63,200 मध्ये येतो आणि लिपिक-टंकलेखकही तिथेच. शिपाई एस-1 मध्ये. पालिकेची श्रेणी थोडी वेगळी असू शकते, तत्त्व तेच. ‘शिपाई म्हणून घेतो, तेवढं तरी मिळतंय’ असं म्हणून श्रेणी खाली आणली तर ते पद खाली आणणंच झालं आणि कलम 20(4) ते थेट रोखतं. काम शिपायाचं दिलं तरी वेतन, वेतनवाढ, ज्येष्ठता तीच राहायला हवी. टंकलेखनाचं प्रमाणपत्र नाही म्हणून लिपिक करता येत नाही असं म्हणाले तर अधिसंख्य पदाचा पर्याय उघडा आहेच. त्यावर ‘अधिसंख्य पदाला शासनाची मंजुरी लागते’ हे उत्तर येईल. लागत असेल तर प्रस्ताव पाठवणं हे त्यांचं काम. मंजुरी येईपर्यंत पगार थांबवण्याचा अधिकार त्यातून निर्माण होत नाही.

अर्जाबरोबरच माहिती अधिकारात, 10 रुपयांच्या शुल्कात, तीन गोष्टी मागा: मंजूर आकृतिबंध (कोणती किती पदं मंजूर आहेत त्याचा तक्ता) आणि आजची रिक्त पदं, गेल्या दहा वर्षांत वैद्यकीय कारणाने पर्यायी काम दिलेल्या चालकांच्या आदेशांच्या प्रती, आणि कलम 23 खाली नेमलेल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव. 30 दिवसांत उत्तर यायला हवं. दुसऱ्या मुद्द्याचं उत्तर बहुतेक वेळा सोनं असतं: आधी एखाद्याला हजेरीवर बसवलेलं असतंच, मग दादांना का नाही याला उत्तर उरत नाही.

त्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार नोंदवली की दोन आठवड्यांत चौकशी होणं बंधनकारक आहे. समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय समिती. राज्याचे दिव्यांग आयुक्त पुण्यात बसतात, त्यांच्याकडेही जाता येतं. साक्षीदार बोलावणं, कागद मागवणं याबाबत त्यांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत आणि त्यांच्या शिफारशीवर तीन महिन्यांत कार्यवाही करून कळवावं लागतं. पण त्यांना मनाई हुकूम देता येत नाही. स्टेट बँक ऑफ पटियाला विरुद्ध विनेश कुमार भसीन (2010) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्याखाली हे स्पष्ट केलं आहे. त्यामुळे ‘अमुक तारखेपासून सेवानिवृत्त’ असा आदेश हातात पडला असेल तर आयुक्तांकडे अर्ज करून वाट पाहू नका. थेट न्यायालय.

कोणतं न्यायालय, इथे चुकलं की वर्ष जातं. राज्य शासनाचा कर्मचारी असता तर आधी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, अंतिम आदेशापासून एक वर्षाच्या आत. अनुदानित शाळेतला असता तर शाळा न्यायाधिकरण, आणि तिथे मुदत फक्त 30 दिवस. महापालिकेच्या कर्मचाऱ्याला प्रशासकीय न्यायाधिकरण नाही. संविधानाच्या अनुच्छेद 226 खाली मुंबई उच्च न्यायालयाच्या तुमच्या जिल्ह्याच्या खंडपीठात रिट याचिका. अंतरिम मागण्या दोनच ठेवा: सेवेतून कमी करू नये, आणि निकालापर्यंत पगार चालू ठेवावा. याचिकेला पोच असलेला अर्ज आणि पात्रतेचा दाखला जोडलेला असला की पहिल्या तारखेला विचारला जाणारा प्रश्न पालिकेला असतो: तुम्ही पद शोधलंत का, कागद दाखवा.

मधल्या काळात बहुतेक कार्यालयं ‘रजा टाका’ म्हणतात. अर्धपगारी संपते, अर्जित संपते, मग बिनपगारी सुरू होते आणि माणूस कंटाळून सही करतो. रजेचा अर्ज द्यावाच लागला तर ‘कलम 20(4) खालील माझ्या हक्कास बाध न येता’ असं लिहून द्या आणि रोज कामावर हजर राहायची तयारी लेखी कळवा. गैरहजेरीची नोटीस आली तर उत्तर मुदतीत द्या. रवींदर कुमार धारीवाल (2021) प्रकरणात न्यायालयाने म्हटलं आहे की शिस्तभंगाच्या कारवाईमागच्या कारणांपैकी दिव्यांगत्व हे एक कारण असलं तरी पुरे. ते एकमेव कारण असल्याचं सिद्ध करावं लागत नाही. दवाखान्याच्या तारखा आणि गैरहजेरीच्या तारखा शेजारी-शेजारी मांडल्या की काम होतं.

मुलाच्या नोकरीचं आश्वासन. अनुकंपा नियुक्ती हा वारसाहक्क नाही हे सर्वोच्च न्यायालय 1994 च्या उमेश कुमार नागपाल प्रकरणापासून सांगत आलं आहे. धोरणात बसलं तरच ती मिळते, आणि तोंडी शब्दाला तर काहीच किंमत नाही. दादांचा हातातला हक्क त्या शब्दावर सोडू नका.

आणि समजा, हे वाचण्याआधीच सही झाली असेल तर? निवृत्ती पुढच्या तारखेपासून असेल तर ती तारीख उजाडण्याआधी अर्ज लेखी मागे घ्या. बलराम गुप्ता (1987) प्रकरणात न्यायालयाने अशी माघार मान्य केली आहे. तारीख उलटली, पेन्शनही सुरू झाली, तरी दार बंद नाही. कुणाल सिंगला निवृत्तिवेतन मिळत होतंच. न्यायालयाने ते आड येऊ दिलं नाही. भगवान दास विरुद्ध पंजाब राज्य विद्युत मंडळ (2008) तर तुमच्या प्रसंगाच्या अगदी जवळचं आहे. सहायक लाइनमनची नोकरी करताना त्यांची दृष्टी गेली, आणि हक्क माहीत नसल्याने त्यांनी स्वतःच निवृत्ती आणि पत्नीला नोकरी मागितली होती. मंडळ म्हणालं, यांनीच मागितलं. न्यायालयाने ते ऐकलं नाही. कायदा माहीत असलेल्या अधिकाऱ्यांनी त्यांना हक्क सांगायला हवा होता, असं ठरवलं. त्यांना सेवेत परत घेतलं, वेतनवाढी आणि बढत्यांसह. निवृत्तीवेळी मिळालेली रक्कम थकीत पगारातून वळती करायची आणि तरी काही देणं उरलं तर पुढच्या पगारातून सोप्या हप्त्यांत, असा हिशेबही निकालात घालून दिला. त्यामुळे ‘पैसे खर्च झाले, आता परत कुठून करणार’ या भीतीने थांबू नका. फक्त उशीर करू नका. वर्षानुवर्षं गप्प बसलेल्याची थकबाकी न्यायालयं कापतात.

आज संध्याकाळी दोन कामं करा: दादांनी कुठल्या कागदावर सही केली आहे का हे त्यांना शांतपणे विचारा, आणि पेरिमेट्रीसाठी नेत्रतज्ज्ञाची वेळ घ्या.